टीपॉयवरची एक वीत

आमची घरमालकीण मला दिवसातून एकदा तरी घराबाहेर काढायची.

पहिल्यांदा काढलं तेव्हा मी रडकुंडीला आले होते. उत्तनला येऊन आम्हांला पुरते चार दिवस झाले नव्हते. मागच्या खोलीत ट्रंक नि वळकटी अजून बांधलेलीच. हे सकाळीच मिठागराच्या चौकीवर गेलेले. आणि ही बाई पुढच्या खोलीतून ओरडली, "ए सोलापूरवाली, बाहेर जा गो!" मी पदर सावरून अंगणात जाऊन उभी राहिले. मनात म्हटलं, झालं. कशाला तरी हात लावला असेल मी, नाहीतर भाकरी थापल्याचा आवाज झाला असेल. आता ह्यांना काय तोंड दाखवू?

"आता पावणी होऊन ये," आतून हुकूम आला.

मी भीतभीत उंबऱ्यात आले.

"काय दिसला?"

खोलीच्या मधोमध गुडघ्याएवढ्या उंचीचं एक काळंभोर टेबल होतं. त्यावर एक निळी बाटली, ताडाच्या पानाचा पंखा आणि पाण्याच्या वाटीत एक जास्वंद.

"बाटली," मी म्हटलं.

"पयली बाटलीच दिसली?"

"हो."

"मंग बाटली मोठी झाली." तिनं बाटली चार बोटं मागं सरकवली, कमरेवर हात ठेवून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाली, "जा. परत बाहेर जा."

त्या दिवशी मी पाच वेळा पाहुणी झाले. पाचव्या खेपेला मला आधी काय दिसलं ते सांगताच येईना. सगळं एकदम दिसलं आणि बसावंसं वाटलं. तसं बोलले तर म्हातारी पहिल्यांदा हसली. "आता बरोबर लागला," म्हणाली.

गाव तिला 'मडम' म्हणायचं, आणि त्यात मान कमी नि टोमणा जास्त होता. मी मावशी म्हणायची. तोंडावर 'तुम्ही' म्हटलं तरी मनातल्या मनात ती पहिल्या महिन्यापासून आईसारखी 'ती' झाली होती. दुसरी मोठी लढाई सुरू झाली, त्याच्या आगेमागच्या वर्षांतली ही गोष्ट. मावशी किरिस्ताव, विधवा, अंगानं सुक्या बोंबलासारखी आणि चालणं मात्र पलटणीतल्या शिपायाचं. आम्ही तिच्याकडे राहतो हे सासूबाईंना कळवताना मी 'एका म्हाताऱ्या बाईकडे जागा मिळाली आहे' एवढंच लिहिलं. म्हातारी कुठल्या देवाची ते दोन वर्षं लिहिलं नाही.

तरुणपणी मावशी मुंबईत एका साहेबाच्या बंगल्यात आया होती. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा मडमेनं तिला सांगितलं म्हणे, तुला हवी ती एक वस्तू घेऊन जा. शिवणयंत्र होतं, पलंग होता, आरसा होता. मावशीनं हा टीपॉय मागितला. भाईंदर स्टेशनावर उतरवून बैलगाडीत घातला आणि उत्तनपर्यंतची सगळी वाट ती गाडीबरोबर उन्हातून चालत आली. हातात छत्री होती, ती टीपॉयवर धरलेली.

गावानं त्या दिवशी हसायला जे सुरू केलं ते थांबलंच नव्हतं. शेजारची रोजी सगळ्यांत पुढे. रोजी मासळी विकायची आणि तिचा आवाज होडीवरून होडीवर जायचा. "ह्याच्यावर ना बसाचा, ना जेवाचा, ना मासली सुकवाची," ती मला म्हणाली. "लाकडाचा नवरा हाय तिचा, झालं!"

मलाही सुरुवातीला कळेना. आमच्याकडे काळ्या मातीत घर म्हणजे घोंगडी, जातं नि कोनाडा. वस्तूला काम असतं, नाहीतर ती वस्तू नसते. आणि ही बाई रोज सकाळी किरिस्तावांच्या देवळातली मिसा, म्हणजे प्रार्थना, आटोपून आली की तासभर त्या टीपॉयपुढे. त्याला ती 'टीपॉय लावणं' म्हणायची, जसं आपण पान लावणं म्हणतो. तिचा कायदा ठरलेला होता. एक वस्तू उभी, एक आडवी, एक जिवंत. उभी म्हणजे बहुतेक ती निळी बाटली. आडवा पंखा, नाहीतर मोठा शिंपला. जिवंत म्हणजे फूल, डहाळी, कोंब फुटलेला कांदा, काहीही चालायचं. एकदा पावसाळ्यात बाहेर जाणं होईना तर तिनं काचेच्या पेल्यात एक खेकडा ठेवला होता. हे चौकीवरून आले, दमून मांडी घालून टेकले आणि समोर नांग्या बघून असे उठले की डोकं खुंटीला आपटलं.

"जिवंत हाय न्हवं?" मावशी शांतपणे म्हणाली.

तीन वस्तू झाल्या की टीपॉयची दाराकडची बाजू ती हातानं मोजायची. एक वीत आणि वर चार बोटं. तेवढी जागा मोकळी राहिलीच पाहिजे. तिथं पानही पडलेलं तिला चालत नसे.

मी एकदा धीर करून विचारलं, "मावशी, ही जागा कशाला हो सोडता?"

"ती माजी न्हाय."

"मग कुणाची?"

"जो येल त्याची. मानूस हातात कायतरी घेऊन येतो गो. पिशवी, टोपी, कायबी. त्याना ठेवाला जागा न्हाय दिली तर तो धरूनच बसतो. नि धरून बसलेला मानूस खरा बोलत न्हाय."

येणारं माणूस बघून टीपॉय बदलायचा हे तिचं दुसरं वेड. कुणाच्या घरी दुःख झालेलं असलं तर बाटली काढून तिथं पाण्याचा तांब्या. भांडून आलेल्या जावा असल्या तर सगळ्या गोल वस्तू. टोकदार काही नाही. आणि रोजी येताना दिसली की मावशी लगबगीनं आतून एक पातळ काचेची फुलदाणी आणून अगदी कडेला ठेवायची. मला वाटलं, रोजीचा मान ठेवते आहे. तर मला म्हणाली, "काचेपुढं मानूस हळू बोलतो, हात आवरतो. बघ आता." आणि खरंच, गावभर हात नाचवत बोलणारी रोजी त्या फुलदाणीपुढे दोन्ही हात काखेत घालून बसायची आणि कुजबुजल्यासारखं बोलायची. ती गेली की मावशी फुलदाणी धुऊन परत आत ठेवून द्यायची.

ह्या बाईला एकच गोष्ट सहन होत नसे. भाईंदरकडे जाणारी बैलगाडी घरावरून गेली की ती उठून खिडकी लावून घ्यायची. कारण तिनं कधी सांगितलं नाही, रोजीनं सांगितलं. मावशीची एकुलती लेक अडली होती, गावात कोणी दाक्तर नव्हता, म्हणून गाडीत घालून भाईंदरला नेत होते. वाटेतच दोघं गेली, लेक आणि पोटातलं.

हे ऐकलं तेव्हा मला दिवस गेलेले होते. आदल्या वर्षी गावाकडे माझं पहिलं मूल जन्मताच गेलं होतं. माहेरी आई उरली नव्हती, ह्यांना रजा मिळण्याची आशा नव्हती. रात्री झोप नाही, दिवसा घास उतरत नाही, अशी माझी गत. तोंडानं काही बोलत नसे, पण मावशीला कळलं असावं. एके दिवशी तिनं बाटली, पंखा, फूल सगळं उचललं, टीपॉयवर दौत नि कागद ठेवला आणि मला म्हणाली, "तुना लिवता येतो ना? बस."

मी मराठी चौथीतून शाळा सोडलेली. सोडली म्हणजे काढलं. पत्र लिहायचं म्हणजे हाताला घाम. आणि हे पत्र मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना जायचं होतं. म्हटलं, "मावशी, माझं शुद्ध नाही. पाद्रीबाबांकडून लिहून घ्या."

"पाद्रीबाबा बालंत झालाय कदी? तूच लिव."

तिनं सांगितलं ते मी लिहिलं. 'आमच्या गावच्या बायका बैलगाडीत मरतात. तुम्ही या आणि बघा.' खाली काय लिहू म्हटलं तर म्हणाली, "खाली काय न्हाय. एवढाच."

महिन्यानं उत्तर आलं. बाईंना आठवड्यातला एकच दिवस मोकळा होता. किनाऱ्यावरची तीन गावं त्या एका दिवसात बघणार होत्या आणि त्यांतल्या एका गावात दर आठवड्याला येणार होत्या. एकाच. उत्तन शेवटचं.

गाव असं हललं की बोलायची सोय नाही. पाटलानं बँड सांगितला, पताका लावायच्या ठरल्या, देवळापुढे हार घालायचे ठरले. बसवायचं कुठे म्हणताना मात्र सगळ्यांची तोंडं मावशीच्या घराकडे वळली, कारण अख्ख्या आळीत साहेबी सामान म्हणायला तो टीपॉयच होता. ज्याला इतकी वर्षं लाकडाचा नवरा म्हटलं त्यावरच आता गावाची मदार आली.  मावशी दोन दिवस आधीपासून खोबरेल तेलाच्या बोळ्यानं तो पुसत बसली. मला सातवा लागला होता, खाली बसवत नव्हतं, तरी मी पायांना तेल लावलं. टीपॉयच्या पायांना.

तो दिवस उजाडला. मावशीनं पहाटेच टीपॉय लावला. निळी बाटली, मोठा शिंपला, तुळशीची मंजिरी, आणि दाराकडे मोजून एक वीत चार बोटं रिकामी. मला पाच वेळा बाहेर काढून झालं. मग छत्री घेऊन ती रस्त्याच्या वळणावर टांग्याची वाट बघायला गेली.

घरात मी एकटी. आणि माझं चित्त काही केल्या थाऱ्यावर राहीना. ती रिकामी जागा मला खायला उठली. आमच्याकडे पाहुण्यासमोर रिकामं ठेवणं म्हणजे 'उठा आता' म्हणण्यासारखं. एवढ्या मोठ्या बाई येणार, तीन गावांतून एक निवडणार, आणि त्यांच्या तोंडासमोर काहीच नाही? त्या नाही म्हणाल्या तर माझं काय? मला बैलगाडी दिसायला लागली. मी ट्रंक उघडली. आईचा पितळी पानडबा काढला, माहेरची माझ्याजवळ असलेली तेवढी एकच वस्तू. पदरानं लखलखीत पुसला आणि बरोबर त्या मोकळ्या जागेवर ठेवला. जिवाला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात रोजी डोकावली. "मडमनं तुना ठेवू दिला?"

मी काही बोलले नाही. न बोलणं हेच माझं खोटं बोलणं.

"मंग आमचा काय पाप झाला? आमी गावातले न्हाय?" असं म्हणत ती पळाली आणि आपल्या लग्नातली चादर घेऊन आली. "पितलेनं चरे पडतील, खाली काय घातला न्हाय? मडम जीव घेल तुजा." आम्ही दोघींनी वस्तू उचलल्या, चादर अंथरली, वस्तू परत ठेवल्या. चादरीवर तिनं आपला चिनी मातीचा कुत्रा ठेवला.

मग काय विचारता! चादर अंथरलेली आळीनं बघितली. एकीनं फुग्यांची, म्हणजे इकडच्या तळलेल्या गोल पावांची, गरम ताटली आणली. एकीनं येशूची तसबीर. एकीनं नवऱ्यानं बोटीवरून आणलेलं घड्याळ, जे आणल्यापासून चाललं नव्हतं. सहा काचेचे पेले, सोललेले नारळ, शंख, केकचा रंगीत डबा, राजाराणीचं चित्र असलेली बशी. प्रत्येकीचं म्हणणं एकच, गावाची अब्रू आहे, माझंही राहू दे. नाही म्हणायची माझी काय छाती? मी भाडेकरीण, परक्या मुलखातली. अर्ध्या तासात टीपॉय दिसेनासा झाला. निळी बाटली कुठेतरी कुत्र्याच्या मागे बुडाली.

आणि बाहेरून मावशीचा आवाज आला, "टांगा आला! टांगा आला!"

ती धावत अंगणातून आली, उंबऱ्यात पाय ठेवला आणि थबकली. रोज मला विचारायची, 'काय दिसला?' आज तिला स्वतःला काय दिसलं ते मी तिच्या तोंडावर बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मावशी, पहिला डबा मी ठेवला," एवढंच मी म्हणू शकले.

ती मला रागावली नाही. बायकांनाही बोलली नाही. बोलायला वेळच नव्हता. टांग्याची घंटा कुंपणापाशी आली होती. एकेक वस्तू उचलावी तर संध्याकाळ व्हायची. तिची नजर चादरीवर गेली. "रोजी, डोल कशी उचलता गो?"

डोल म्हणजे ह्या किनाऱ्याचं ते पिशवीसारखं मोठं जाळं. रोजीला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. "चार कोपरे धरा!" ती गरजली, आणि त्या दिवशी तिच्यापुढे काचेची फुलदाणी नव्हती. चार बायकांनी चार कोपरे धरले. "हैशा!" म्हणताच कुत्रा, घड्याळ, फुगे, येशू, नारळ, माझा पानडबा, मावशीची निळी बाटलीसुद्धा, सगळं एकाच गाठोड्यात उचललं गेलं आणि भरल्या जाळ्यासारखं खणखणत स्वयंपाकघरात गेलं. आत एक पेला फुटल्याचा आवाज झाला. कुणी मागे वळून बघितलं नाही.

टीपॉय उघडा. वर काहीच नाही. आरशासारखा.

डॉक्टरीणबाई आत आल्या. नऊवारी पातळ, पायांत बूट, कपाळावर घाम, आणि हातात एक काळी चामड्याची पेटी. मावशी फक्त "बसा" म्हणाली. बाईंनी खोलीत एकदा बघितलं, चार पावलं टाकली आणि पेटी सरळ टीपॉयवर ठेवली. मग पाटलाकडून आणलेल्या खुर्चीत बसून दोन्ही हात चोळले, बोटं उघडझाप केली. चामड्याच्या मुठीचे वळ उठले होते तळव्यावर.

"सकाळपासून दोन गावं झाली," त्या म्हणाल्या. "फार माया केली लोकांनी. फुलं, फळं, फराळ, टेबलं नुसती भरलेली. पेटी मांडीवर घेऊन बसले होते. इथंच पहिल्यांदा खाली ठेवली."

नेमकं त्याच वेळी स्वयंपाकघरात, गाठोड्याच्या पोटात, ते कधी न चाललेलं घड्याळ ठणाणा वाजायला लागलं. आपटून चालू झालं असावं. नेमकी कोणती वेळ ते वाजवत होतं देव जाणे, थांबेचना. रोजी पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. बाईंनी मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, "आतमंदी गाव ठेवलाय."

बाई मनापासून हसल्या. मग पेटी उघडली. पोटाला लावून ऐकायची हातभर नळी निघाली, बाटल्या निघाल्या, पांढरा कपडा अंथरला गेला. सगळं त्या टीपॉयवर मावलं, जणू मापानं केलं होतं. कोपऱ्यात लपलेल्या माझ्याकडे बोट करून त्यांनी विचारलं, "कितवा?"

"सातवा," मी म्हटलं, आणि पुढचं सगळं आपोआप तोंडातून बाहेर पडलं. पहिलं मूल, झोप नाही, भीती, बैलगाडी. आईलासुद्धा इतकं सांगितलं नसतं. पेटी खाली ठेवलेल्या माणसाशीही खरं बोलता येतं, हे मावशीनं सांगितलं नव्हतं.

मी झाल्यावर रोजीनं आपली सून पुढे केली. मग आणखी चार जणी. दोन तासांनी बाईंनी हात धुतले आणि विचारलं, "खोली कुणाची?"

"माजी."

"पत्र कुणी लिहिलं होतं?"

"हिनं." मावशीनं मला दंडाला धरून पुढे ओढलं. शुद्धलेखन निघणार म्हणून मी खाली मान घातली.

"दोनच ओळींचं होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून आले." मग मावशीकडे वळून, "दर बुधवारी ही खोली मिळेल?"

 मावशीनं टीपॉयवरून हात फिरवला. मग म्हणाली, "मिलल. पन टीपॉय मीच लावीन."

"लावा. फक्त माझ्या पेटीला जागा ठेवा."

मावशीनं माझ्याकडे जे बघितलं ते मी आजतागायत विसरले नाही. तिनं दाराकडच्या कडेवर हात पसरला, अंगठा नि करंगळी ताणून. "एक वीत नि चार बोटां," ती बाईंना म्हणाली. "तुमचीच हाय. कदीची."

टांगा परभारे घराकडे आल्यामुळे देवळापाशी हार घेऊन तिष्ठत बसलेला बँड तेव्हा कुठे घरापुढे आला. पाटील धापा टाकत विचारतोय, "झाला काय? झाला काय?" आणि रोजी आपल्या मूळच्या आवाजात, सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी, "आपला झाला! बुधवार आपला झाला!" बँडवाल्यांना काय समजलं कुणास ठाऊक, पण त्यांनी लग्नातली चाल वाजवली आणि बायका अंगणातच नाचल्या. मावशीला 'मडम' म्हणून हाक मारत होत्या, पण तो शब्द त्या दिवसापासून वेगळा झाला. गाठोड्यातल्या माझ्या पानडब्याला पोचा पडला होता. तो पोचा मी मुद्दाम कधी काढून घेतला नाही.

मग बुधवार सुरू झाले. आसपासच्या गावांतल्या बायका चालत यायच्या. मावशी कात्र्या, बाटल्या, कापूस आपल्या कायद्यानं मांडायची आणि बाईंनी कधी हलवलं नाही. मोठ्यानं कण्हणाऱ्या बाईपुढे ती हळूच फुलदाणी ठेवते हे बाईंच्या लक्षात आलं, तेव्हा त्यांनीही ती युक्ती उचलली. गावच्या सुईणीला त्यांनी हात धुवायला, नाळ बांधायचा दोरा उकळायला शिकवलं. भाईंदरच्या वाटेवर गाड्या जातच होत्या, पण मावशीची खिडकी कधी लागेनाशी झाली ते मलाही कळलं नाही.

माझा मुलगा मंगळवारी दुपारी झाला, मागच्या खोलीत, त्या सुईणीच्या हाती. मी जिवंत, तो जिवंत, आणि हे अंगणात उभे राहून रडतायत. बुधवारी बाई आल्या, त्याला टीपॉयवर घालून नखशिखांत बघितलं आणि म्हणाल्या, "उत्तम आहे."

त्या गेल्यावर मी त्याला उचलायला पुढे झाले तर मावशीनं माझा हात धरला. "थांब. बाहेर जा."

"मावशी, अहो कालच बाळंत झालेय मी!"

"उंबऱ्यापरेन जा. बस झाला."

मी भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत गेले आणि वळले.

"काय दिसला?"

टीपॉयवर निळी बाटली उभी होती. तिच्याजवळ पांढऱ्या कपड्यावर माझं बाळ, मुठी झाडत. बाकी सगळा टीपॉय मोकळा होता. मी चुकले असं वाटून पुन्हा बघितलं. "मावशी, एक उभं आहे, एक आडवं आहे. जिवंत ठेवायला विसरलात."

"विसरले न्हाय गो. जो आडवा हाय तोच जिवंत हाय." ती कमरेवर हात ठेवून, एक डोळा मिटून बघत होती. मग तिनं मोकळ्या बाजूवर वीत पसरली. एकदा, आणि पुन्हा एकदा. "म्हंजे एक जागा वाचली," ती म्हणाली. "आनकी एक पावणा बसल."